बिनकुंकवाची घागर

शिट्टी वाजली आणि द्वारकाबाईचा हात थांबला नाही. झालं ते एवढंच. टँकरच्या नळीखाली तिचा हंडा भरला, तिनं तो पायानं बाजूला सरकवला आणि नळी आपल्याच दुसऱ्या हंड्यात सोडली. तो नंबर चांगुणाबाईचा होता. उषाबाईनं परत शिट्टी फुंकली, छातीत होती नव्हती तेवढी हवा घालून. आवाज रोजच्यासारखाच निघाला, पत्र्यावर खिळा ओढावा तसा, आणि गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या सगळ्या बायांनी तो ऐकला. ऐकून त्यांनी द्वारकाबाईकडं पाहिलं. उषाबाईकडं कुणी पाहिलं नाही. तिला ते कळलं. पिठाच्या डब्यात सवयीनं हात घालावा आणि बोटं बुडाच्या पत्र्याला लागावीत, तसं.

चांगुणाबाई घागर कमरेवर घेऊन उभी होती. नाल्यापलीकडच्या वस्तीतली. तिची सून ओली बाळंतीण, नातू तापलेला, आणि काल टँकर आलाच नव्हता. सकाळी रांग लावायला आली तेव्हा ती उषाबाईला बाजूला घेऊन म्हणाली होती, "आज तेवढं ध्यान द्या, बाई. घरात थेंब न्हाई. लेकराचं अंग पुसायला न्हाई." आणि उषाबाई म्हणाली होती, "तुमचा नंबर कुठं जातो? मी हाय न." मी हाय न. म्हणताना किती गोड लागलं होतं ते. गुळाचा खडा जिभेखाली धरावा आणि हळूहळू विरघळू द्यावा, तसं ते वाक्य तिनं सकाळभर तोंडात ठेवलं होतं. घर झाडताना, मिलोच्या लाल पिठाची भाकरी थापताना. अमेरिकेतून आलेली ती ज्वारी, भाकरीला चिकटा नाही, तव्यावर टाकेपर्यंत तुकडे पडतात. नवरा रोज ताटावर बसून म्हणतो की हे डुकराला घालायचं असतं तिकडं. आज तो तसं म्हणाला तरी तिला राग आला नव्हता. ज्याच्या हातात दुसऱ्याचं पाणी आहे त्याला राग कमी येतो, हे ती या उन्हाळ्यात शिकली होती.

"द्वारकाबाई," ती आता म्हणाली, शिट्टी तोंडातून काढून, "नंबर चांगुणाबाईचा हाय."

"कोन म्हनतं?"

"मी म्हनते."

"तुम्ही म्हनताल. तुमचा हंडा भरलाय." द्वारकाबाईनं मान वर न करताच टँकरच्या पुढच्या बाजूला हनुवटी दाखवली. तिथं, ड्रायव्हरच्या दाराखाली, उषाबाईचा पितळी हंडा भरून, वर झाकण ठेवून, सावलीत उभा होता. पुंजाराम ड्रायव्हर रोज सगळ्यात आधी तो भरून द्यायचा. म्हणजे रांग बघायला बाई मोकळी. ही सोय कुणी ठरवली हे उषाबाईला आठवत नव्हतं. तिनं मागितली नव्हती एवढं खरं, आणि नको म्हणाली नव्हती हेही खरं. बायांपैकी कुणीतरी नाकातून हसलं. तो आवाज शिट्टीपेक्षा लहान होता. पण पोचला सगळीकडं.

शिट्टी नवऱ्याची. संपतराव मोंढ्यावर मापाडी, पण लढाईच्या साली होमगार्डात नाव घातलेलं. खाकी पँट, पांढरी दोरी, दोरीला शिट्टी. संध्याकाळी सायरन झाला की जालन्याच्या गल्लीबोळांतून हे शिट्टी फुंकत फिरायचे, दिवे मालवा, दिवे मालवा. एकदा भर बाजारपेठेत एका मोठ्या व्यापाऱ्याच्या माडीवरचा दिवा यांच्या शिट्टीनं गेला, आणि घरी येऊन यांनी ती गोष्ट इतक्यांदा सांगितली की शेवटी उषाबाई म्हणाली, दिवा गेला खरा, पण मिजास पेटली. लढाई संपली, पँट आटली, शिट्टी खुंटीला लटकली. यंदा मोंढ्यात मापायला धान्यच नाही, तर मापाडी त्या शिट्टीशेजारी भिंतीला टेकून बसून असतो. घाणेवाडीच्या तलावात भेगा पडल्या. कुंडलिकेच्या पात्रात लोक झिरे खणून वाटीवाटीनं पाणी उपसतात. आणि नगरपालिकेचा टँकर पहिल्यांदा गल्लीच्या तोंडाशी आला त्या दिवशी अशी झुंबड उडाली की म्हाताऱ्या सगुणाबाईचा हात चाकाखाली जाता जाता राहिला. तेव्हा उषाबाई घरात धावली. खुंटीवरची शिट्टी ओढली आणि फुंकली. का फुंकली, माहीत नाही. पेटत्या घरातून माणूस उशी घेऊन पळतं, तसंच काहीसं. आणि सगळ्या बाया जिथल्या तिथं थांबल्या. हात वर, पदर सुटलेला, तोंडं उघडी. कुणीतरी पोलीस आला असं त्यांना वाटलं असणार. वळून पाहतात तर मापाड्याची बायको. पण तोवर त्या थांबलेल्या होत्या, आणि एकदा थांबलेलं माणूस आपण उगाच थांबलो असं कबूल करत नाही. त्या दिवसापासून शिट्टीला सगळे थांबायला लागले.

शिट्टीची त्या दिवशीची तोंडातली चव तिला अजून आठवत होती. गंज, नवऱ्याच्या तंबाखूचा जुना वास, आणि त्याच्यावर काहीतरी ताजं, हिरवं. तिला सात गावच्या बाजारात कुणी कधी विचारून भाजी घेतली नव्हती. माहेरी कुंभार पिंपळगावला तिच्या बापाच्या शेतात तिचा शब्द बैलसुद्धा ऐकायचा नाही. सासरी सासू असेपर्यंत सासूचा, सासू गेल्यावर नवऱ्याचा, आणि नवरा मोंढ्यावर गेला की कुणाचाच नाही, असं घर चालायचं. आणि इथं एक फुंकर मारली की मोठ्या मोठ्या जिभेच्या बाया गप. ती रात्री अंथरुणावर पडून तो क्षण परत परत वाजवून पाहायची. लाज वाटायची, पण वाजवायची.

दुपारी ती कादंबरी वाचायची. वाचायला ती आपली आपण शिकली, भावाच्या पाटीवरून आणि किराणाच्या पुड्यांवरून. अजूनही ओठ हलल्याशिवाय तिला अक्षर दिसत नाही. संपतरावांनी मोंढ्यातल्या रद्दीतून एक पुस्तक आणलं होतं, त्याला पुठ्ठा नाही, पहिली पानं नाहीत, शेवटची नाहीत. मधल्यामधे एक किल्ला. खाली शत्रूचा वेढा, वर टाक्यातलं पाणी तळाला गेलेलं, आणि किल्लेदार तापानं मेलेला. चार मानकऱ्यांनी मढं गुपचूप पुरलं आणि किल्लेदाराचं पागोटं गादीवर ठेवलं. सरकार आजारी आहेत, बाहेर येत नाहीत, हुकूम पागोट्याला मुजरा करून घ्यायचा. शिपाई रोज सकाळी येतात, गादीपुढं वाकतात, आणि हवालदार पागोट्याच्या वतीनं पाणी वाटतो. वाचताना उषाबाई हसली होती. भिंतीला टेकून डुलक्या काढणाऱ्या नवऱ्याला तिनं ते वाचून दाखवलं. "अहो, कापडाला मुजरा करून राह्यले हे लोक."

"मंग?" डोळे न उघडता संपतराव. "आमच्या परेडीत झेंड्याला करतो की आम्ही."

"झेंडा वेगळा."

"झेंडा बी कापडच हाय."

पुढं एके पहाटे एका शिपायाची बायको टाक्यावर येते. हवालदार म्हणतो, सरकारांची आज्ञा नाही. ती म्हणते, मग सरकारांनी बाहेर येऊन मला तोंडानं सांगावं. आणि तिथं पान फाटलेलं. उषाबाईनं नंतरचे दोन-तीन दिवस ते मनात पुढं नेऊन पाहिलं. हवालदारानं तिला हाकललं असेल. किंवा तिनं पागोटं उचलून त्याच्यानं घागर पुसली असेल. संपतरावांना विचारलं तर ते म्हणाले, "अगं, कादंबरीतला किल्ला हाय तो. पडनारच. पडला न्हाई तर लिहिनाऱ्यानं लिहायचं काय?" तिला ते पटलं नव्हतं. किल्ला पडण्याचं तिला काही नव्हतं. त्या हवालदाराच्या तोंडाची तेव्हा काय गत झाली असेल, तेवढंच तिला पाहिजे होतं. आता टँकरच्या मागं उभी राहून तिला वाटलं, आरसा असता तर दिसलं असतं.

"नंबर कशावरून त्यांचा?" द्वारकाबाई आता सरळ उभी राहिली होती. दुसरा हंडा अर्धा झाला होता आणि तिचा पाय त्याच्या बुडाशी राखणीला होता. द्वारकाबाई वाईट बाई नव्हती. हे उषाबाईला माहीत होतं, आणि या क्षणी त्याचा काही उपयोग नव्हता. तिच्याही घरात माणसं होती, सासरा अंथरुणाला खिळलेला, त्याचे कपडे दिवसातून किती वेळा बदलायचे. खडी फोडायच्या कामावर जाऊन तिचे हात असे झाले होते की मूठ पूर्ण मिटायची नाही. ती उषाबाईच्या दारात कितीदा तरी बसली होती, उवा काढून घेतल्या होत्या. "दाखवा न. कुठं हाय खूण? सगळ्या भांड्याला हाय, त्यांच्या घागरीला दाखवा."

बाया घागरीकडं बघायला लागल्या. चांगुणाबाईनं घागर कमरेवरून काढली नाही, लपवलीही नाही. तांब्याची, पोचे पडलेली, स्वच्छ घासलेली घागर. गळ्यापाशी काही नव्हतं.

कुंकू ही उषाबाईचीच अक्कल. रांगेत भांडी लावून बाया घरी जायच्या, कामाला जायच्या, आणि टँकर येईपर्यंत भांडी चालायला लागायची. ज्याला पाय नाहीत अशी वस्तू इतकी चालते हे तिनं पहिल्यांदा पाहिलं. रोज भांडण, माझा पुढं होता, तुझा मागं होता. मग तिनं ठरवलं, सकाळी भांडं आलं की त्याच्या गळ्याला कुंकवाचं बोट; पहिल्या भांड्याला एक, पुढच्याला दोन, असं. कुंकू का, तर घरात होतं म्हणून. नवीन भांडं विकत आणलं तरी आपण त्याला कुंकू लावतोच, ओल्या पितळेवर ते धरतं, आणि लक्ष्मीसारखं दिसतं म्हणून. एवढाच विचार. किंवा एवढाही नाही. पहिल्याच दिवशी नाल्यापलीकडच्या बाया आपली भांडी घेऊन आल्या, कारण टँकर पालिकेनं दोन्ही वस्त्यांना मिळून दिलेला, आणि उषाबाईनं भरल्या बोटानं चांगुणाबाईच्या घागरीलाही टिळे लावले. चांगुणाबाईनं पदराच्या टोकानं ते पुसून काढले. रागानं नाही. ताटावर बसलेली माशी उडवावी, तसं.

"बाई, आमी हे सोडलंय. समदं सोडलंय, दीक्षा घेतली तवाच. दुसरी काही खूण करा."

उषाबाईच्या बोटावर कुंकू तसंच राहिलं. आपण काही वाईट केलं असं तिला वाटलं नाही, आपल्याला काहीतरी परत केलं गेलं असं वाटलं, दिवाळीचं ताट शेजारणीनं झाकलेलं तसंच परत पाठवावं, तसं. चांगुणाबाईचा मुलगा वसंता शाळेत मास्तर. तो त्या दिवशी आईबरोबर होता. तो म्हणाला, "काकू, चुन्याची रेघ मारा न. सगळ्यांच्याच भांड्याला. चुना कोनाचाच न्हाई." बरोबर होतं. इतकं बरोबर होतं की तिला ते ऐकवेना. ती म्हणाली, "असू दे, तुमचे नंबर मी ध्यानात ठेवते. माझ्या डोक्यात राहतात." आणि राहिले. रोज ती नाल्यापलीकडच्या बायांचे नंबर डोक्यात ठेवायची आणि टँकर आला की बोट दाखवून म्हणायची, आता ह्या, आता ह्या. त्या तिच्याकडं बघत थांबायच्या. त्यांना तिच्याकडं बघत थांबावं लागायचं. चुन्याचं तिनं उद्यावर टाकलं, मग परवावर. घरात कोनाड्यात संपतरावांची चुन्याची डबी होती. रोज हाताला लागायची. चुन्याच्या रेघेला उषाबाई लागत नाही. रेघ असली की रांग आपली आपण चालते. हे तिनं स्वतःशी तेव्हा म्हटलं नव्हतं. आता म्हटलं, आणि ते इतक्या तयार वाक्यासारखं बाहेर आलं की ते आत कुठंतरी आधीपासूनच लिहून ठेवलेलं असणार.

"माझ्या ध्यानात हाय," ती म्हणाली. "ह्या दुसऱ्या हंड्याच्या आधी त्या. सकाळी त्या आल्त्या तवा तुमचा एकच हंडा होता, तुम्ही दात घासून राह्यल्या होत्या."

"ध्यानात." द्वारकाबाईनं तो शब्द बायांना दाखवला, भाजीवालीला किडकं वांगं दाखवावं तसा. "आमच्या भांड्याला तीन तीन बोटं कुंकू, आन् ह्यांचं ध्यानात. कायदा कोनी केला? ज्याला खूण न्हाई त्याला नंबर न्हाई, कोन म्हनलं होतं? कांताबाईच्या हंड्याचं कुंकू पुसलं गेल्तं त्या दिवशी, तिला शेवटी घातलं का न्हाई तुम्ही?"

"घातलं," मागून कांताबाई म्हणाली. "रडले मी तरी घातलं."

घातलं होतं. नियम म्हणजे नियम असं म्हणून घातलं होतं, आणि म्हणताना मान थोडी वर गेली होती.

"मंग आज कायदा वेगळा का?" द्वारकाबाईचा आवाज आता उतरला, आणि उतरला तसा जास्त लागला. "त्यांना कुंकू चालत न्हाई, तर त्यांनी त्यांचा टँकर आनावा. आमचं काही म्हननं न्हाई."

चांगुणाबाई पहिल्यांदाच बोलली. ती उषाबाईशीच बोलली, द्वारकाबाईशी नाही. "सांगा की बाई. तुमी हाव न."

उषाबाईनं शिट्टी तोंडात घातली. दुसरं काय घालणार. वाजवली, आणि वाजत असतानाच तिला दिसलं की बाया हसून राह्यल्या आहेत, ज्या हसत नाहीत त्या खाली बघून राह्यल्या आहेत, आणि एक जण, कोण ते तिनं मुद्दाम पाहिलं नाही, ओठांचा चंबू करून तिची नक्कल करते आहे. मग कांताबाई पुढं सरकली. तिला वाटलं असावं की द्वारकाबाईला चालतं तर मला का नाही, आणि हे बरोबरच होतं. तिनं नळीला हात घातला. दुसरीनं घातला. रांग मागून पुढं अशी आली की भांड्यांवर भांडी, पितळेवर अल्युमिनियम, सगळे कुंकवाचे टिळे एकमेकांना पुसत. कुणाचं कोपर उषाबाईच्या छातीत बसलं. कुणीतरी "हो बाजूला" म्हणालं. कालपर्यंत ती बाई तिला अहो-जाहो करायची. नळी तोटीतून निसटली आणि पाणी जाड धारेनं रस्त्यावर पडायला लागलं. बाया ओरडल्या, पण नळी कुणी सोडेना, कारण सोडली तर दुसरीला मिळेल. सगळ्यांच्या हातात नळी होती आणि पाणी पायाखाली. कुणाचीतरी शेळी आली आणि चाकाच्या चाकोरीतलं पाणी पिऊ लागली. तिला कुणी हाकललं नाही. त्या अख्ख्या गोंधळात पोटभर पाणी प्यायली ती तेवढीच.

पुंजाराम खाली उतरला, तोटी फिरवून बंद केली आणि नळी गुंडाळायला लागला. भोकरदनकडचा माणूस, बोलायला शांत. "मला फुडं अजून दोन ठिकानी जायाचंय," तो म्हणाला. "तुमची लढाई झाली की पालिकेत कळवा." उषाबाईकडं पाहून तो थोडा ओशाळला, जणू तिचा पदर सुटलेला दिसला होता. तिचा भरलेला हंडा त्यानं चाकाजवळून काळजीनं बाजूला उचलून ठेवला. टँकर गेला. रस्त्यावर काळा ओला डाग राहिला आणि उन्हानं तो कडांकडून खायला सुरुवात केली.

बाया निवडून निवडून आपली भांडी घेऊन गेल्या.  द्वारकाबाईचा दुसरा हंडा शेवटी आडवा झाला होता, तो तिनं रिकामाच डोक्यावर घेतला, पहिला भरलेला कमरेवर. चांगुणाबाई नाल्याकडं वळली होती. तिची चाल घाईची नव्हती. रिकामी घागर हातात लोंबत ठेवून ती चालली होती, आणि तिच्या पाठीकडं बघताना उषाबाईला एक गोष्ट अशी झोंबली की तिनं डोळे मिटले: चांगुणाबाई रागावलेली नव्हती. तिला हे असंच होणार असं माहीत असावं. मी हाय न, असं सकाळी ऐकलं तेव्हासुद्धा.

घरी संपतराव दारात उभे होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी. "मी येत होतो बाहेर," ते म्हणाले. मग तिच्या हंड्याकडं बघून, "आपलं तर भरलं न? मंग जाऊ दे." ती उंबऱ्याच्या आत गेलीच नाही. हंडा डोक्यावर तसाच होता. ती वळली आणि नाल्याकडं चालायला लागली. आपण काहीतरी चांगलं करायला निघालो आहोत असं तिला वाटत होतं, आणि ते वाटणं तिला ओळखीचं वाटलं, म्हणून ती मधेच थांबली. पण थांबून करणार काय, हंडा जड होता.

नाल्यापलीकडं ती याआधी कधी गेली नव्हती. रस्ता इतका जवळचा की न गेल्याची लाज वाटावी. वस्तीत झाडून काढलेली अंगणं, काठीवर निळा झेंडा, वारा नसल्यानं पडलेला. चांगुणाबाईच्या दारापुढं कुडाला टेकून बाजेवर सून बसली होती, मांडीवर नातू. त्याचं रडणं रडण्यासारखं नव्हतं. दाराची कडी घासावी तसा एक कोरडा आवाज, थोड्या थोड्या वेळानं. वसंता नदीवर झिरा खणायला गेला होता. चांगुणाबाईनं उषाबाईला पाहिलं, हंडा पाहिला, आणि बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

"कोनाचं हाय हे?"

"माझं. आणलं तुमच्यासाठी."

"तुमच्या वाट्याचं?"

"हो."

"तुम्हाला आधी भेटतं, न." प्रश्न नव्हता. "आन् तुमचं घर?"

"बघू."

चांगुणाबाईनं हंडा उतरवायला हात दिला. घागर आणली. गळ्यावर स्वच्छ धुतलेलं फडकं धरलं आणि हंडा वाकवून अर्धं पाणी गाळून घेतलं, थेंब न सांडता. मग हंडा सरळ केला आणि झाकण परत ठेवलं. "लेकरू तापलंय, म्हनून घेतलं. एरवी घेतलं नसतं," ती म्हणाली. "हे उसनं. दानधरम न्हाई."

"असू द्या हो, चांगुणाबाई. पाण्याचं काय उसनं."

"पान्याचंच उसनं, बाई, यंदा." ती थोडं हसल्यासारखी झाली, आणि ते हसू जसं आलं तसं गेलं. "टँकर येईल तवा मी तुमचा अर्धा हंडा भरून दीन. पर मला तिथं नंबर पायजे. नंबर भेटला तरच फिटंल. द्या मला नंबर. उद्याचा."

सून वर बघत होती. तिच्या डोळ्यांखाली जागरणाची काजळी होती. उषाबाईनं तोंड उघडलं. सकाळी याच प्रश्नाला तिच्या तोंडात तीन शब्द तयार होते. आता तिनं शोधले. पाणी तिच्या हातात होतं, ते तिनं दिलं. नंबर तिच्या हातात नव्हता. कधीच नव्हता, शिट्टीच्या पहिल्या फुंकेपासून नव्हता. बाया थांबल्या होत्या म्हणून तो होता असा दिसला. हे चांगुणाबाईला सांगायचं कसं, आणि सांगितलं तर त्या बाळंतिणीला त्याचा उपयोग काय.  चांगुणाबाईनं थोडा वेळ वाट पाहिली, एखाद्याला सुपारी फोडायला जेवढा वेळ लागतो तेवढा, आणि मग आत जाऊन ती नातवाचं अंग पुसायला लागली. ओल्या फडक्याखाली तो कोरडा आवाज थांबला.

परत येताना उन्हं डोक्यावर आली होती. गल्लीत ओट्यांवर बाया बसल्या होत्या. भांडण झालं की घरात बसवत नाही, एकमेकींचं तोंड दिसेल असं बसावं लागतं. सगळ्यांनी तिला नाल्याकडून येताना पाहिलं. द्वारकाबाई मधल्या ओट्यावर होती, मांडीत रिकामं सूप घेऊन.

"तिकडं गेल्त्या?"

"गेल्ते."

"हंडा बी नेल्ता."

"त्यांनी अर्धं घेतलं."

"तुम्ही ओतलं का त्यांनी ओतून घेतलं?"

उषाबाईला समजलं काय विचारलं जात आहे ते. खोटं बोलता आलं असतं. गल्लीत यावर खोटंच बोलतात, आणि समोरच्यालाही तेच पाहिजे असतं. "त्यांनी," ती म्हणाली. "त्यांच्या हातानं."

द्वारकाबाईनं सूप बाजूला ठेवलं. "मंग हे बघा उषाबाई. तो हंडा उद्या आमच्या भांड्यात लावू नका. आम्ही काही म्हनत न्हाई. घरी न्या, वापरा. पर आमच्यात नका लावू."

 कांताबाई पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. उषाबाईनं हंडा रस्त्याच्या मधोमध, त्या सुकत आलेल्या डागावर उतरवला, झाकण काढलं, आणि वाकून ओंजळीनं पाणी प्यायली. एक ओंजळ, दुसरी, तिसरी. पाणी कोमट होतं, पितळेचं लागत होतं. हनुवटीवरून गळ्यात, गळ्यावरून चोळीत गेलं. बाया बघत राहिल्या. त्यांना वाटलं, हिनं मुद्दाम केलं, आपल्याला दाखवायला. पुढं कितीतरी दिवस त्या तसंच सांगत राहिल्या असणार, आणि सांगताना कुणी नाक मुरडून, तर कुणी थोडं घाबरून. खरं तर तिला तहान लागली होती. सकाळपासून तिनं पाण्याचा घोट घेतला नव्हता, इतरांचे नंबर ध्यानात ठेवायच्या नादात.

"मंग आता तुमचा नंबर बी तिकडंच," द्वारकाबाई म्हणाली. तिला हे म्हणायचं नव्हतं असं क्षणभर वाटलं, पण म्हणून झालं होतं. "बिनकुंकवाच्यांत."

उषाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "हो," ती म्हणाली. "चांगुणाबाईच्या मागं."

ती हंडा उचलायला वाकली. उचलला. दार तिथून दिसत होतं, दारात नवरा उभा होता, आणि त्याच्या तोंडावरून कळत होतं की त्यानं ऐकलं आहे. मापाड्याचं घर उद्यापासून कुठं उभं राहणार हे त्याला न विचारता ठरलं होतं. चालताना हंडा अर्धा असल्यामुळं पाणी त्यात सारखं एका अंगाला जात होतं, तिला त्या बाजूला ओढत.